पलंगपोसावरचे पोपट

बायकोचा, देवकाबाईंचा फोन ठेवला आणि पुंडलिकराव कपाटाकडे धावले.

फोन पांढुर्ण्याहून होता. "ऐकता का," देवकाबाई फणफणत होत्या, "मी वत्सलाले घेऊन येऊन राहिली. म्हणते कशी, आपल्या घरात सुई धरता कोणाले येत होती? सख्खी बहीण असून मले म्हणते! आता दाखवतोच तिले. माहा रुखवतातला पलंगपोस काढा आन दिवाणावर टाकून ठेवा. कपाटावर गाठोडं हाये, फाटक्या धोतरात बांधलेलं."

"फाटक्या धोतरात?"

"हाव. आन लुगड्यात बांधलेलं, ते भांडेवालीले देऊन देलं ना?"

"हाव," पुंडलिकराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार बिचारे! लुगड्यातलं छानसं गाठोडं कपाटावर तसंच होतं. फाटक्या धोतरातलं सकाळीच गेलं होतं.

आता तुम्हीच सांगा, चिंध्या चांगल्या लुगड्यात आणि जन्माची ठेव फाटक्या धोतरात कोणी बांधतं का? पण देवकाबाईंची रीतच ती. चांगल्या वस्तूला फाटकं फडकं, म्हणजे जावेची नजर जात नाही. नवऱ्याचीही गेली नव्हती, इतक्या वर्षांत एकदाही. उलट आज जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या कलाबाईशी घासाघीस करून त्यांनी झाकणाचा स्टीलचा डबा आणि वर चहाची गाळणी मिळवली, आणि बायको शाबासकी देईल म्हणून दुपारपर्यंत ते खुशीत होते.

पलंगपोस साधासुधा नव्हता. माहेरच्या कोष्ट्यानं मागावर विणलेलं जाड सुती कापड, आणि त्यावर लग्नाआधी देवकाबाईंनी स्वतः भरलेले हिरवेगार पोपट. लग्नात रुखवतात तो सगळ्यात पुढे मांडला होता; वत्सला तेव्हा रांगत होती. त्या दिवसापासून बोरगावच्या त्या घरात पोपटांचं कौतुक ऐकल्याशिवाय एकही पाहुणा चहा पिऊन गेलेला नाही.

पुंडलिकरावांनी डबा मोटारसायकलला बांधला, गाळणी खिशात कोंबली आणि रामाकोना गाठलं. कलाबाई निंबाखाली कपडे निवडत बसली होती.

"कलाबाई, माहं गाठोडं वापस दे!"

"काऊन? डबा फुटका निघाला का?"

"डबा घे, गाळणी घे, पण माहे पोपट दे!"

कलाबाईनं त्यांना नीट न्याहाळलं. म्हाताऱ्याला ऊन लागलं असावं, असं तिला वाटलं. "कोणते पोपट, भाऊ?"

"हिरवे! पलंगपोसावरचे!"

"असं सांगा ना! ते त मोहगावच्या दीपालीनं नेले. जुन्या कापडाचं कायबाय शिवते आन मोबाईलवर विकते. शहरातल्या लोकायले आपल्या आजीचं नाई चालत, दुसऱ्याच्या आजीचं पायजे."

मोहगावच्या वाटेवर पुंडलिकरावांनी मारोतीला नारळ कबूल केला. पण दीपालीच्या दारात पोचले तर आतून शिलाई मशीनचा आवाज. ते बाहेरूनच ओरडले.

"बाई, थांब! कैची नको लावू!"

"लावून झाली ना, काका," दीपाली हसत बाहेर आली. "या, पाहा त खरं, किती मस्त कुशन झाले!"

खाटेवर कुशनं मांडली होती, टम्म फुगलेली. प्रत्येकावर एक पोपट. पुंडलिकराव उंबरठ्यावरच बसले. बायकोची भीती होतीच, पण आता वाईटही वाटायला लागलं. केवढ्या हौसेनं भरले असतील तिनं!

"बेटा, वापस जोडता येते का?"

"पंक्चर हाये का काका, चिकटवाले?"

कुशनांची ऑर्डर दुसरीकडची होती, त्यामुळे दीपाली ती द्यायला तयार नव्हती. पण म्हाताऱ्याचा चेहरा पाहून तिनं आधी पाणी दिलं आणि मग डब्याच्या बदल्यात सगळी कुशनं दिली.

घरी येऊन त्यांनी ती दिवाणावर ओळीनं मांडली आणि काय सांगायचं याचा विचार करू लागले. उंदरानं कुरतडलं म्हणावं, तर उंदीर कुशन शिवत नाहीत. तेवढ्यात दार वाजलं.

"अगं माय!" वत्सलाबाई दारातूनच ओरडल्या. "भाऊजी, हे कुशन कुठून आणले? काय सुंदर पोपट हायेत!"

दुसरीच्या पोपटांचं कौतुक देवकाबाईंना सहन होणार? छे! पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्या कडाडल्या, "हे पोपट? कावळे हायेत कावळे! जिनं भरले ना, तिले सुई कोण्या बाजूनं धरतात तेही माहीत नसन. माहे पोपट पाहा, मंग बोल!"

वत्सलाबाईंनी एक कुशन डोळ्यांजवळ नेलं. "हाव ताई, बरोबर हाये तुहं. याच्या एका पायाले तीन बोटं, दुसऱ्याले दोनच. लंगडा पोपट!"

देवकाबाई खो खो हसल्या. हसत हसतच त्यांनी चष्मा लावला आणि कुशन हातात घेतलं.

हसू थांबलं. त्यांनी लंगडा पोपट पाहिला. दुसरं कुशन पाहिलं, तिसरं पाहिलं. कापडाचा काठ बोटांनी चाचपला. मग नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पंख्याकडे पाहत होता.

"काढ ना ताई तुहा पलंगपोस," वत्सलाबाई म्हणाल्या.

पुंडलिकराव दाराकडे सरकले. आता आभाळ कोसळणार!

"पलंगपोस..." देवकाबाईंनी कुशन पालथं ठेवलं. "तो... धुवाले देला हाये. नाई का हो?"

"हाव! सकाळीच देला!" पुंडलिकराव जवळजवळ ओरडलेच.

"असू दे मंग, पुढच्या टायमाले पाहीन. मी आपली संध्याकाळच्या बसनं निंगतो."

"निंग बाई, उशीर नको करू," देवकाबाई फार मायेनं बोलल्या. नजर मात्र नवऱ्यावरून हलली नव्हती.

पुंडलिकरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वत्सला घरात आहे तोवरच या तोंडाला कुलूप आहे! मेहुणीला आजवर चहानंतर 'बसा' न म्हणणाऱ्या त्या माणसानं तिच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि थेट आतल्या खोलीत नेऊन ठेवली. होळी होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता.

"असं कसं, वत्सलाबाई?" ते काकुळतीला येऊन म्हणाले. "आल्या त आता दिवाळी करूनच जा!"