गाळीव अण्णा

मी काही लिहावं एवढा मोठा नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात दौत आली ती माझ्याबरोबर. त्याआधी बोटाला शाई लागायची ती अंगठा उठवताना. कॉलेजात दोन वर्षं काढली म्हणून कुणी लेखक होत नाही. पण रावजीअण्णांच्या शेजारच्या सीटवर बसून माझ्याइतका प्रवास कुणी केलेला नाही, एवढाच माझा अधिकार. कुठं चुकलं तर वाचकांनी गाळून घ्यावं.

गाळणं हाच अण्णांचा छंद. निपाणी ते बेळगाव त्यांची सर्व्हिस मोटार होती. तिच्यात पेट्रोल जायचं ते जुन्या धोतराच्या चार पदरी घडीतून. पाणी गाळून, दूध गाळून. हॉटेलवाल्यानं गाळून दिलेला चहा ते पुन्हा आपल्या फडक्यातून गाळायचे. मग पेल्यात चहापेक्षा त्याचा वासच जास्त उरायचा. मोटारीत कुणाचं मूल रडलं की मागं न बघता म्हणायचे, "पोटात गाळ आसंल." माझी परीक्षा जवळ आली तेव्हा मला म्हणाले, "लई वाचू नगंस रं. आदी गाळून घे, मग पाठ कर." मी तसं केलं. जे गाळलं तेच नेमकं प्रश्नपत्रिकेत आलं.

गावानं त्यांना 'गाळीव अण्णा' नाव ठेवलं. अण्णांनी ते मनाला लावून घेतलं नाही.

या गाळण्याचं मूळ मोटारीत होतं. मोटार पळताना ठणठणीत असायची. उभी राहिली की मात्र इंजिन अडखळायचं, हिवताप भरल्यागत थरथरायचं. टपावरच्या ट्रंका खुळखुळायच्या आणि माझे दात वाजायचे. संकेश्वरात एका ठरावीक घरासमोर अण्णा मोटार थांबवायचे, बॉनेट उघडून कार्बुरेटरची वाटी पुसायचे, पेट्रोल पुन्हा गाळायचे. तोवर उतारू उन्हात उभे.

"अण्णा, आता आमास्नी बी गाळणार काय?" तंबाखूचे एक व्यापारी एकदा वैतागून म्हणाले.

"तुमास्नी गाळलं तर मोटारीत बसाय कोण उरंल, शेटजी?"

"दुसऱ्या मिस्त्रीला तर दाखवा!"

"बायकू म्हायेरी गेली म्हणून दुसरी करतासा व्हय?"

अण्णांना स्वतःला बायको नव्हती, पोर नव्हतं. होता तो बसाप्पा. मोटार अण्णांची आणि इंजिन बसाप्पाचं, अशी दोघांची वाटणी. बसाप्पा मूळचा कानडी, पण अण्णांशी अडखळत का होईना मराठीच बोलायचा. पेचकस इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाला लावायचा आणि इंजिनाचं दुखणं ओळखायचा. लढाई सुरू झाली तसा तो फौजेत फिटर म्हणून गेला. त्याला बेळगाव स्टेशनवर सोडायला नेताना मोटार पहिल्यांदा थरथरली. बघायला वेळ नव्हता. गाडी हलली तेव्हा अण्णा फलाटावरून धावत ओरडले, "बसाप्पा, हिला झालंय काय?" बसाप्पानं खिडकीतून तोंडाला हात लावून काहीतरी सांगितलं. पुढचं शिट्टीत बुडालं. अण्णांच्या कानी आलं तेवढंच: "गाळ!"

त्या दिवसापासून अण्णा गाळत होते.

बसाप्पाची खबर मात्र कुठूनच येत नव्हती. संकेश्वरातलं ते घर त्याच्या बहिणीचं, गंगाक्कांचं. वाटी पुसता पुसता अण्णा दाराकडं बघून विचारायचे, "काय कळलं व्हय, आक्का?"

"इल्ल अण्णा. अजून काय न्हाय."

मग वाटी जागेवर बसायची आणि आम्ही निघायचो.

एका वाऱ्याच्या दिवशी मागच्या सीटवर एक कानडी म्हातारी होती. डोईवरचा पदर सांभाळत, मोटारीचा पडदा सोडायला सांगत ती ओरडली, "परदा बिडो तम्मा, गाळी बरतैती!"

अण्णांनी असा ब्रेक मारला की शेटजी माझ्या मानेवर आले.

"काय म्हणलीस, आज्जी?"

"गाळी, गाळी! वारं!"

अण्णा खाली उतरले. त्यांनी बॉनेट उघडलं; कार्बुरेटरकडून चालू इंजिनात जाणारी एक नळी होती. तिच्या जोडावर त्यांनी तेलाच्या बुधलीतून चार थेंब सोडले. फट बुजली आणि थरथर क्षणभर थांबली. तिथूनच वारा आत शिरत होता. अण्णांनी जोडाच्या दोन चाक्या, म्हणजे नट, आवळल्या. इंजिन झोपलेल्या मांजरासारखं घुरघुरू लागलं. उतारूंनी टाळ्या वाजवल्या.

अण्णा हसले नाहीत. पाना फडक्याला पुसून ते स्टिअरिंगवर येऊन बसले. मग मला म्हणाले, "गाळी म्हंजी वारा, मला ठावं न्हाय व्हय रं? पर गडी माज्यासंगं कानडी कधी बोललाच न्हाय. जाताना मातूर त्येच्या तोंडात आईची भाषा आली."

त्यानंतरही मोटार संकेश्वरात थांबतच राहिली. फडकं निघायचं, स्वच्छ वाटी पुन्हा पुसली जायची.

"आता कशापायी?" शेटजींनी विचारलं.

"हाताला सवय हाय," अण्णा म्हणाले. गंगाक्कांच्या दाराकडं आता शेटजीही बघू लागले होते.

लढाई संपली. पुढं एक दिवस मोटार थांबायच्या आतच गंगाक्का रस्त्यावर आल्या. "अण्णा, बसाप्पा आला! काल बेळगावात उतरला. सांजेला घरी येतोय म्हणून सांगावा हाय."

शेटजींनी टोपी उडवली. अण्णा नुसते "व्हय? व्हय?" म्हणत राहिले. मग आक्का जवळ आल्या. इंजिन इतकं मऊ चाललं होतं की त्यांचं हळू बोलणंही मला ऐकू आलं.

"पर त्येला ऐकू येत न्हाय, अण्णा. तोफंनं दोनी कान गेलं."

अण्णांनी बॉनेट उघडून पाना घेतला आणि त्याच दोन चाक्या सैल केल्या. इंजिन अडखळलं, थरथरलं. टपावरच्या ट्रंका खुळखुळू लागल्या.

"अण्णा, हे काय केलंत?" मी विचारलं.

त्यांनी बॉनेट लावलं आणि त्यावर तळवा टेकून तसेच उभे राहिले.

"आल्या आल्या हितं हात ठेवंल रं गडी," ते म्हणाले. "हाताला काय तरी लागाय नगं व्हय?"