सबनीसांचे महाराज

सबनीसांच्या घरात पाठ दाखवायला बंदी होती. सबनीसांना नाही, महाराजांना. बेलवलीतल्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत, सोफ्याच्या वर, एका तरुण राजाचं भलंमोठं तैलचित्र होतं. लष्करी पोशाख, छातीवर पदकं, कमरेला तलवार, कोवळ्या ओठावर मिशी. निघताना पाहुण्याने मागे मागे चालत दार गाठायचं. त्या उंबऱ्याला ठेचकाळला नाही असा माणूस आमच्या सोसायटीत नव्हता.

सबनीस अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात ऑफिसर. नव्वदच्या सुमारास आमच्या शेजारी राहायला आले ते एकटेच. सामान टेम्पोत, मागून रिक्षा. रिक्षाभर महाराज आणि उरलेल्या जागेत सबनीस. संध्याकाळी कुलूप उघडताना आवाज यायचा, "महाराज, आलो." जिन्याला पिवळा रंग द्यायचं ठरलं, तर म्हणाले, "महाराजांना पिवळा चालत नाही."

"कुठले हो हे राजे?" मी विचारायचो.

"आमच्याच संस्थानचे."

"कुठे आलं ते?"

"विलीन झालं."

मला हे सहन होत नसे. मी सोसायटीचा सेक्रेटरी, आणि माझ्या भिंतीवर नुसतं कॅलेंडर. त्यात महाराजांच्या तुमानीला जीन्ससारखी दुहेरी शिलाई. चित्रकार उल्हासनगरचा, कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा, हे मी केव्हाच ताडलं होतं.

एका दसऱ्याला सगळे त्यांच्याकडे सोनं द्यायला जमले. मी चष्मा पुसला, सोफ्यावर चढलो आणि ओरडलो, "अहो, बघा! कॉलरच्या आत काळे मणी! महाराजांनी मंगळसूत्र घातलंय!"

"राजा की राणी, एकदाचं ठरवा बुवा!" वरच्या मजल्यावरचे नाईक म्हणाले. सगळे पोट धरून हसले. सबनीसही हसले.

पुढच्या रविवारी तिथे नुसता खिळा होता. "महाराज, आलो" बंद झालं. मी मात्र तो किस्सा लग्नामुंजीत वर्षानुवर्षं सांगत राहिलो. आता सबनीस नाहीत, पण लोक अजून हसतात. हसणं मी सुरू केलं, तेव्हा उरलेला भाग मलाच सांगायला हवा.

त्या दसऱ्यानंतर काही वर्षांनी सबनीस तापाने पडले. मी पेज घेऊन गेलो. आतल्या खोलीत, त्यांच्या पलंगासमोर, महाराज होते. मी बघतोय हे पाहून सबनीसच बोलले.

"आमची ही. कारखान्याच्या कॉलनीत गणपतीला बायकांचं नाटक होतं, त्यात ही राजा. सगळ्या म्हणाल्या, मंगळसूत्र काढा. ही म्हणते, राज्य सोडते, हे काढणार नाही. कॉलरीत खोचलं, तरी फोटोत आलंच. ती गेल्यावर त्या फोटोवरून हे करून घेतलं. पेंटर म्हणाला, 'साब, ये काले मोती मिटा दूँ?' म्हटलं, राहू दे."

मी कसंबसं तोंड उघडलं. "सबनीस, मी तेव्हा..."

"पेज आळणी झालीय," ते म्हणाले.

मी भांडं उचललं आणि मागे मागे चालू लागलो. दाराशी स्टूल लागलं, भांडं खणखणत गेलं.

"सांभाळून," सबनीस म्हणाले. मग समोरच्या भिंतीकडे बघून, हळूच, "हसू नका, महाराज."