तोशिमीताईंचं पहिलं उड्डाण

इसाओ उत्सुमींनी मात्सुयामात जन्मभर लोकांचे दात काढले आणि निवृत्त झाल्यावर माडीवरच्या खोलीत विमान बसवलं. विमान म्हणजे संगणकाचे तीन मोठे पडदे, दोन खुर्च्या, पायाशी ब्रेक आणि उजव्या हाताला टेबलावर इंजिनांचे दोन दांडे. पुढे ढकलले की जोर वाढतो, मागे ओढले की उतरतो. खालून ऐकलं तर घरघर अगदी दवाखान्यासारखी.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या मोठ्या मेव्हणी तोशिमीताई यांच्या मुलीचं लग्न साप्पोरोला ठरलं. ताईंनी कळवून टाकलं, "विमानात मी बसणार नाही. फोटो पाठवा." पोटच्या पोरीच्या लग्नाचे फोटो! इसाओंच्या बायकोने, नोबुएने, दोन दिवस समजूत घातली. उपयोग शून्य.

"माझ्यावर सोपव," इसाओ म्हणाले. "माझ्या विमानातून एक फेरी मारून आणतो. भीती अशी निघेल की त्यांना कळणारही नाही."

हे वाक्य ते दाढ उपटण्याआधी म्हणायचे. नोबुएने ते बहिणीला सांगितलं नाही.

रविवारी ताई आल्या आणि पर्स छातीशी धरून दुसऱ्या खुर्चीत बसल्या. इसाओंनी नोबुएच्या किमोनोचा पट्टा त्यांच्या कमरेला आवळला.

"ताई, नियम एकच. विमान हवेत जाईपर्यंत कॅप्टनशी बोलायचं नाही."

"बरं."

"आणि नोबुए, तू हवाई सुंदरी. चहा आण."

"या वयात बढती," म्हणत नोबुए खाली गेली.

इसाओ ताईंकडे वळून समजावू लागले. "उडवणं कोणालाही जमतं. जमिनीवर हळू चालवणं, ही खरी कला. किंचित जोर द्यायचा, चाकं हलली की दांडे पूर्ण मागे. सायकलवर निघालेल्या माणसासारखं जायचं."

त्यांनी दांडे पुढे केले. काही झालं नाही. आणखी थोडे केले. इंजिनं आळसावून जागी झाली आणि विमान निघालं. तेवढ्यात नोबुए ट्रे घेऊन आली. टेबलावर मोकळी जागा होती ती नेमकी दांड्यांच्या मागे. भरलेल्या लोखंडी किटलीसकट ट्रे तिथे ठेवून ती दारात उभी राहिली.

"आता बघा, मागे ओढले," इसाओ ताईंकडेच बघत म्हणाले. दांडे थोडे मागे आले आणि किटलीला टेकले. इसाओंना वाटलं, आले पूर्ण.

विमानतळाची इमारत सायकलच्या वेगाने मागे पडली. पेट्रोलचा ट्रक मोटारीच्या वेगाने. इसाओंनी ब्रेक दाबले. पडद्यावर ब्रेक तापल्याचा लाल दिवा लागला.

"अहो, जरा जोरात नाही चाललंय?" नोबुए म्हणाली.

"वारा आहे पाठीमागून."

ताईंनी तोंड उघडलं आणि टेबलाकडे बोट केलं.

"ताई, नियम."

ताईंनी तोंड मिटलं, बोटही खाली घेतलं. समोर धावपट्टीकडे जायचं वळण आलं. त्या वेगात ते घेणं शक्यच नव्हतं. वळण गेलं, गवत आलं, कुंपण गेलं आणि तिन्ही पडद्यांवर समुद्र पसरला.

इसाओंनी ब्रेकवरून पाय काढला.

"संगणक बिघडलाय," इसाओ म्हणाले.

"आता बोलू?" ताईंनी विचारलं.

"बोला."

"दांड्यांच्या मागे किटली आहे."

इसाओंनी बघितलं. नोबुएनेही बघितलं.

"पहिल्याच दिवशी नोकरी गेली माझी," ती म्हणाली.

ताई आधी पर्समागे हसल्या, मग पर्स मांडीवर ठेवून मोकळ्याने हसल्या. डोळे पुसून त्यांनी किटलीतला चहा तिघांना ओतला.

"इसाओसान, साप्पोरोच्या विमानात तुम्ही असणार ना?"

"अर्थात. तुमच्या शेजारीच बसेन." इसाओंची छाती फुगली.

"शेजारी म्हणजे प्रवाशांतच ना?"

"प्रवाशांतच."

"मग काढा माझं तिकीट," ताई निर्धास्तपणे म्हणाल्या.