साबण हुंगणारे तात्या

सोमवार, डिसेंबर १९९४. बारामतीतला त्वचेचा दवाखाना. हजर: डॉक्टर, मी म्हणजे नर्स, कंपाउंडर तात्या आणि बाकावर अकरा पेशंट. त्यातल्या नऊ जणांच्या हातात घरचा साबण. तात्यांची तशी ताकीदच होती. साबण हुंगल्याशिवाय ते कुणाला आत सोडत नसत. वास उग्र निघाला की जप्त. "ह्यो म्हशीला लावा. ती बी नको म्हनंल."

पिंपळीचे तात्या साठीला टेकलेले, घरी एकटेच. गळ्यात दोरीला नेलकटर. लहान मूल दिसलं की आधी नखं कापायची, मग नाव विचारायचं. इसब असलेल्या मुलांच्या आयांना एकच मंत्र: "अंग ओलं हाय तवर मलम लावा." एका लग्नात हळदीच्या आंघोळीलाही ते व्हॅसलिनची डबी घेऊन नवरदेवामागं उभे राहिले होते.

त्या सोमवारी लोणी भापकरचे आबा चार वर्षांच्या नातीला, सखूला, घेऊन आले. पूर्वी मेंढरं राखायचे, आता शेती. औषधानं सखूचं अंग निवळलं होतं, पण एक गाल पुन्हापुन्हा सोलून निघे. खाजेनं झोप नाही, बालवाडी बंद. लोकर टाळा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पोरीच्या अंथरुणात घोंगडं नाही, असं आबा शपथेवर सांगत होते.

तात्यांना शंका आली. रविवारी ते मला घेऊन एसटीनं लोणीला गेले. अंगणात आबा सखूला थोपटत होते. दवाखान्यात इस्त्रीचा सदरा घालून येणाऱ्या आबांच्या खांद्यावर घरी घोंगड्याची घडी होती, आणि तिच्यावर गाल टेकून पोर झोपलेली.

"आवो, ह्ये माजं घोंगडं हाय, तिचं न्हवं," आबा म्हणाले. "मेंढरं इकली, येवढंच ऱ्हायलंय."

मला वाटलं, आता जप्ती. तात्यांनी पिशवीतून जुनं सुती लुगडं काढलं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. घोंगडं अलगद ओढून घेतलं, नीट खुंटीला टांगलं आणि लुगड्याची घडी आबांच्या खांद्यावर ठेवली. सखू जागी झाली नाही.

परतताना मी विचारलं, लुगडं कुणाचं?

"मंडळींचं," तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले. "सात वर्सं पेटीत पडून हुतं."

महिन्याभरात सखूचा गाल भरून आला. ती बालवाडीत जाऊ लागली. माझ्या यादीत मात्र एक काम तसंच आहे: लोणीहून लुगडं परत आणणे. आठवण केली की तात्या म्हणतात, "ऱ्हाऊ द्या, शिस्टर. पोरगी झोपतीया."