तायड्यांचं रोजचं भांडण

तायडे रोज सकाळी कामावर निघण्यापूर्वी बिल्डिंगमधल्या एकाशी तरी भांडतात. भांडण लहान, लिफ्ट येईपर्यंत संपेल एवढंच. चपला जिन्यात का, कुकरच्या शिट्ट्या पहाटेपासून कशाला, असलं काहीतरी. समोरचा तापला की तायडे प्रसन्न होतात आणि "झालं, निघालं," म्हणत लिफ्टमध्ये शिरतात. घाटकोपरच्या आमच्या सोसायटीचा हा लाडका माणूस. मी इथे त्यांच्या आधीपासून राहतो, कुणाला एक वाकडा शब्द बोललेलो नाही. पण माझं कुणाला कौतुक नाही.

त्यांचं काम ट्रॉम्बेला. सूर्यात होते तशी ऊर्जा भट्टीत तयार करायची, तर आतला भयंकर तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, भिंतीला लागू न देता चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरावा लागतो. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, तेव्हा इथपर्यंत मलाही येतं. पुढचं तायडे सांगतात. "जे व्हायचं ते कडेला होतं, सर." कडेला दाब साठत जातो, वरून सगळं शांत दिसतं आणि अचानक उसळी येऊन उष्णता भिंतीवर आदळते. भिंतीची वाट लागते. म्हणून मुद्दामच लहान लहान उसळ्या काढत राहायच्या. कुठून किती उष्णता निसटते, याचं गणित ते दिवसभर कॉम्प्युटरवर मांडत असतात.

हेच त्यांनी सोसायटीला लावलं. पार्किंगवरून मीटिंगमध्ये हाणामारी होणार अशी चिन्हं होती, तेव्हा तायड्यांनी आधीच एकेकाला जिन्यात गाठून पार्किंगवर भांडून घेतलं. मीटिंगला कुणाकडे राग शिल्लकच नव्हता. सगळे बटाटेवडे खाऊन घरी गेले. मी समंजसपणावर भाषण तयार करून नेलं होतं, ते खिशातच राहिलं.

तेही चाललं असतं. पण शुभदा, माझी बायको! ती माझ्याशी कधीच भांडत नाही, हे मी स्टाफरूममध्ये अभिमानाने सांगत आलोय. तायड्यांशी मात्र हटकून भांडते. ठेच्यात शेंगदाणे घालावेत की नाही, यावरून तर दोघांचं रोज वाजतं. आत येते तेव्हा गाल लाल झालेले असतात आणि स्वतःशीच हसत असते. माझ्या वाट्याला "वाढू का?" आणि "चहा ठेवू का?" एवढंच. मी जळतो. सरळ सांगतो, जळतो.

गेल्या रविवारी मी त्यांच्या दारात उभा राहून बजावलं, की माझ्या बायकोशी भांडायचं नाही. वाटलं, आता चांगलं रंगेल. मी मुद्देही काढून ठेवले होते. पण तायडे भांडलेच नाहीत. खुर्चीवरचे कपडे उचलून त्यांनी मला बसवलं. घरात दुसरी खुर्ची नव्हती. ते पलंगाच्या काठावर टेकले.

"वहिनी लिफ्टमध्ये बोलेनाशा झाल्या होत्या, सर," ते म्हणाले. "म्हणून मी मुद्दाम कळ काढायला लागलो. आमची मंडळी पण अशीच गप्प होत गेली. मला वाटायचं, काय स्थिर संसार आहे आपला! मी मजेत गणितं करत बसलो. एक दिवस बॅग भरून अकोल्याला गेली, ती आलीच नाही. जाताना पण भांडली नाही हो."

मग त्यांनी हळूच विचारलं, "वहिनी तुमच्याशी भांडतात ना?"

"रोज," मी म्हणालो.

"मग काळजी नाही," असं म्हणून ते खरोखरच खूश झाले.

घरी आलो. शुभदाने जेवायला वाढलं. आमटी अगदी नेहमीसारखी झाली होती.

"खारट झालीय," मी म्हणालो.

तिने पळी खाली ठेवली. मग तिने गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि समोर बसली.

"बोलू का?" तिने विचारलं.