डोमाभाऊंचा घोडा

डोमाभाऊ दरवर्षी घोडा होत आणि तो घोडा दरवर्षी मरायला नकार देई.

कुरखेड्याजवळच्या आमच्या गावी दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरे, मंडईत दंडारीचं नाटक होई. इतर गावांत रामरावण लढत. आमच्याकडे मागल्या शतकातला एक गोरा घोडेस्वार लढे. डोमाभाऊंचे वडील कामठीच्या रिसाल्यात त्याच्या घोड्याचे सईस होते, म्हणून त्याचं चरित्र आमच्या वाट्याला आलं. इंग्रज देश सोडून गेले, हा साहेब मात्र आमच्या गावातून हलेना. त्याने एकट्याने तोफ घेतली, गालावर वार झेलला, राणीकडून पदक मिळवलं आणि मायदेशी जाऊन लठ्ठ झाला, हे पोराटोरांना पाठ होतं. मी शाळामास्तर, संवाद तपासायचं काम माझं. पदकं वाटणाऱ्यांना घोडे दिसत नाहीत, असं एक वाक्य मी आत सरकवलं होतं. ते कुणीच म्हटलं नाही.

बांबूचा सांगाडा, त्यावर घोंगडं, पुढे लाकडी मुंडकं आणि आत सत्तरीतले डोमाभाऊ. लढाईत गोळी लागून घोड्याने पडायचं आणि साहेबाने पायी लढायचं, असं ठरलेलं. डोमाभाऊ पडतच नसत. बार उडत राहत, घोडा शेपूट हलवत उभा. साहेब झालेला पाटलांचा गुलाब त्याला वळसे घालत लढे. लोक हसून लोळत.

शेवटी गुलाब वैतागला. "डोमाभाऊ, यावर्सी तुमी मरा. नाई तं मुंडकं दुसऱ्याले देऊन टाकतो."

"तुह्या बंदुकीत जोर नाई, त्याले मी काय करू?" असं म्हणून डोमाभाऊ गुडघ्यांना तेल चोळत बसले.

पडायला हरकत काय, असं मी त्यांना एकट्याला गाठून विचारलं. त्यांनी वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. खऱ्या लढाईत गोळी लागली तेव्हा घोडा मेला नव्हता. वडील त्याच्याजवळ बसले होते. साहेबाने हुकूम केला, सोड त्याला, चल. वडील गेले. मागून घोड्याने मान उचलून पाहिलं. म्हातारपणी वडील भरल्या ताटावरून उठत ते त्या आठवणीने.

मंडईत बार उडाला आणि घोडा चक्क खाली बसला. टाळ्या पडल्या. साहेबाने तलवार उपसून "चला" म्हटलं.

घोंगड्याखालून डोमाभाऊ बाहेर आले. संवादांत हे नव्हतं. त्यांनी ते लाकडी मुंडकं मांडीवर घेतलं.

"तुमी जा, साहेब. मी याच्यापाशी बसतो."

साहेब गेला. त्याने तोफ घेतली, पदकही घेतलं. तिकडे कुणी पाहत नव्हतं.