सिस्टर फ्रेमाचं पथ्य

सकाळी सिस्टर फ्रेमाने शाळेच्या दवाखान्याचं दार उघडलं आणि लगेच पुन्हा लावून घेतलं. बाहेर रांग होती. पायऱ्या उतरून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून ती थेट मुलांच्या वसतिगृहापर्यंत गेली होती आणि रांगेतला प्रत्येक जण खोकत होता. एक जण तर मध्येच थांबून शेजाऱ्याचा खोकला नीट ऐकून घेत होता आणि मग तसाच करून बघत होता.

हे सगळं तिचंच करणं होतं. गेल्या आठवड्यात ती राजधानीत, अक्राला, नर्सांच्या शिबिराला जाऊन आली आणि तेव्हापासून तिला चैन नव्हतं. हरमटान वारा सुरू झाला होता. हवेत पिठासारखी धूळ, ओठ फुटलेले, आणि त्यात अख्ख्या शाळेने पहाटे अंगण झाडायचं. मागच्या हरमटानमध्ये झाडता झाडता मावुसी नावाची मुलगी निळी पडली होती. तिला स्वयंपाकघराच्या ट्रकमधून, याम कंदांच्या पोत्यांवर निजवून इस्पितळात न्यावं लागलं होतं.

म्हणून तिने हेडसर अंकोमांपुढे तीन मागण्या ठेवल्या. दमा असलेल्याला झाडण्यातून सूट. औषध ओढायचा पंप कपाटात न ठेवता मुलाच्याच खिशात. आणि झाडण्याआधी अंगणात पाणी शिंपडायचं.

"पहिल्या दोन मंजूर," हेडसर म्हणाले होते. "पण पाणी? या दिवसांत? विहीर काय माझ्या सासऱ्याने खणून दिलीय?"

प्रार्थनेच्या वेळी सूट जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी शाळेत दम्याचं पीक आलं.

"सिस्टर, छाती वाजतेय," रांगेत पहिला असलेला फिफी म्हणाला. फिफी शाळेचा गोळाफेकपटू. दारातून आत यायला त्याला तिरकं व्हावं लागलं.

"कुठली बाजू?"

"तुम्ही म्हणाल ती."

"काल रात्री तर गच्चीवर नाचत होतास."

"तेव्हापासूनच वाजतेय, सिस्टर. बाप रे, काय सांगू!"

दुपारपर्यंत सिस्टरने इतक्या पाठींना नळी लावली की कान दुखायला लागले. एकाही छातीत शिट्टी नव्हती. मावुसी मात्र रांगेत आलीच नव्हती. ती वर्गात भिंतीला टेकून, खांदे वर ओढून, मुकाट्याने बसली होती.

"अगं, तू का नाही आलीस?"

"मला पण सोंगाडी म्हणतील, सिस्टर. त्यापेक्षा झाडते मी."

"झाडून तर बघ! तंगडं मोडून हातात देईन," सिस्टर ओरडली आणि तिच्या शेजारी मटकन बसली.

संध्याकाळी हेडसर तणतणत आले. शुक्रवारी जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी येणार होते आणि अंगणात बकऱ्यांच्या लेंड्यांचा सडा पडला होता. झाडायला उरलं होतं कोण? दोन प्रीफेक्ट, म्हणजे मुलांवर देखरेख करणारी वरच्या वर्गातली मुलं, आणि एक पहारेकरी.

"उद्या सगळे झाडतील! सूट रद्द. खराटा आधी मी हातात घेणार. आणि ते पंप द्या इकडे. ते बघूनच कार्टी खोकायला शिकलीत."

"सर, मावुसीचं काय? तिला खरंच आहे हो!"

"ती? तिला कधी खोकताना ऐकलं नाही मी."

"सर, खरा दमा चढला की खोकायलासुद्धा दम उरत नाही."

"लागला पंप, तर माझ्याकडे मागा. माझ्या कपाटात असेल. मी काय पळून चाललोय?"

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते हेच. इथे तर ओलं एकच होतं. सिस्टर येरझाऱ्या घालत राहिली. पंप दिला तर पोरीचा जीव टांगणीला, नाही दिला तर नोकरी. शेवटी तिने दवाखान्यातला नवा पंप हेडसरांना दिला, आणि मावुसीचा म्हणून मागच्या वर्षीचा रिकामा. मावुसीचा खरा, भरलेला पंप तिच्या मोज्यात गेला.

"कुणाला दाखवलास तर दोघींची वरात निघेल," तिने बजावलं. "आणि बाटली जवळ ठेव."

बाटली म्हणजे पाण्याची साधी प्लास्टिकची बाटली. बुडाला भोक पाडून त्यात पंप बसवायचा आणि तोंडाकडून श्वास ओढायचा, म्हणजे औषध जिभेवर न बसता छातीत उतरतं. हे सिस्टर शिबिरात शिकली होती आणि आल्यापासून दिसेल ती बाटली भोसकत सुटली होती.

पहाटे घंटा झाली. अख्खी शाळा ताडाच्या काड्यांचे खराटे घेऊन वाकली. पुढे हेडसर, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात, बाह्या सारून, त्वेषाने झाडताहेत. "असं! कंबरेतून! आमच्या वेळी..."

पुढचं वाक्य आलंच नाही. धुळीचा एक लोट उठला आणि तो विरला तेव्हा हेडसर गुडघ्यांवर हात टेकून उभे होते. तोंड उघडं, आवाज नाही. नुसती बारीक शिट्टी.

मग मागून कोणीतरी खुदकन हसलं. हेडसर आपल्या नकला करताहेत असंच सगळ्यांना वाटलं. टाळ्या सुरू झाल्या.

"सर, एक नंबर!" फिफी ओरडला. "फक्त जरा खोका ना! खोकल्याशिवाय सिस्टरला पटत नाही!"

हेडसरांनी हात हलवला. टाळ्या वाढल्या.

"गप्प बसा रे!" मावुसी किंचाळली. भिंतीपाशी नुसता खराटा धरून, नाकाला ओला रुमाल लावून उभी असलेली ती गर्दी कापत पुढे आली. "नाटक नाहीये ते!"

सिस्टर धावत आली आणि हेडसरांना खाली बसवलं. "सर, कपाटाची किल्ली!" हेडसरांनी खिशातून जुडगा काढला. जुडगा कसला, लोखंडाचं दुकान! शाळेतल्या एकाही कुलपावर त्यांनी आजवर दुसऱ्या कुणाचा हात पडू दिला नव्हता. "यातली कुठली?" हेडसरांनी बोट दाखवलं, पण किल्ल्या सगळ्या सारख्याच.

मावुसीने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने डोळे मिटले आणि होकारार्थी मान डोलावली. तशी मावुसीने मोज्यातून पंप काढला, बाटलीत खुपसला आणि सिस्टरच्या हातात दिला.

"ओठ घट्ट धरा, सर. हळू ओढा. आता थांबा. सोडा. पुन्हा." थोड्या वेळाने हेडसरांच्या तोंडावर रंग आला. त्यांनी आधी बाटलीकडे पाहिलं, मग पंपावरच्या नावाकडे.

"मावुसीचा तर... माझ्या... कपाटात आहे."

"तो रिकामा आहे, सर," सिस्टर म्हणाली. "काय शिक्षा करायची ती मला करा."

हेडसर तिच्याकडे झुकले. मग फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "लहानपणी मला असं व्हायचं. बाप म्हणायचा, कामचुकार आहे. मीही तेच मानून बसलो." त्यांचे डोळे भरले होते. धुळीवर आळ घेता आला असता, पण त्यांनी घेतला नाही.

प्रार्थनेच्या वेळी त्यांनी दवाखान्यातला पंप सिस्टरला परत केला, मावुसीचा मावुसीला, आणि सूट पुन्हा चालू केली. तोच चाळीसेक जण खोकले.

"आता हे?" हेडसरांनी हताशपणे विचारलं.

"माझ्यावर सोडा," सिस्टर म्हणाली आणि पुढे झाली. "दमा असलेल्यांनी नीट ऐका. पथ्य आहे. आजपासून शितो बंद!"

शितो म्हणजे सुक्या माशांची ती काळी, तिखट चटणी. तिच्या बरणीला उशाशी घेऊन मुलं झोपतात. तिच्याशिवाय वसतिगृहातलं जेवण म्हणजे जन्मठेप. हे पथ्य सिस्टरने उभ्या उभ्या रचलं होतं; कुठल्याही शिबिरात तिला ते शिकवलं नव्हतं. जेवणाच्या घंटेआधी फिफीची छाती खणखणीत बरी झाली. बाकीचेही एकेक करून बरे झाले. यादीत दोनच नावं उरली: मावुसी आणि हेडसर.

मावुसीच्या कानात सिस्टरने खरं काय ते सांगून टाकलं. हेडसरांच्या कानात मात्र काही सांगितलं नाही.

जेवणघरात हेडसर कोरडा केन्के, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा उकडलेला गोळा, पाण्याच्या घोटाबरोबर गिळत होते. समोर मावुसी बोटं चाटत होती.

"सिस्टर, हिला कसा चालतो शितो?"

"तिचा दमा मुरलेला आहे, सर. तुमचा अजून कोवळा आहे."

"मग मला कधीपासून चालेल?"

सिस्टरने शांतपणे आपल्या केन्केवर चमचाभर शितो घातला. "ते धुळीवर अवलंबून आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे घंटा व्हायच्या आधीच विहिरीचा रहाट कुरकुरला. सिस्टरने खिडकीतून पाहिलं. नाकाला ओला रुमाल बांधून हेडसर बादलीतलं पाणी ओंजळीओंजळीने अंगणात शिंपडत होते.